बिअरच्या पिंपातला गाळ आणि गिरणगावातल्या गर्भवती

१/
जून १९३१. लंडनच्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लूसी विल्स या महिला डॉक्टरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मुंबईतील गरोदर स्त्रियांचा बळी घेणारा एक रक्तक्षय. त्यावर सुचवलेला उपाय मात्र कोणत्याही औषधी कंपनीचा नव्हता. बिअरच्या कारखान्यात पिंपाच्या तळाशी उरणाऱ्या यीस्टचा तो अर्क होता.
आज जगभरच्या प्रयोगशाळांत जीवनसत्त्वांनी समृद्ध यीस्टचे नवनवे वाण शोधले आणि घडवले जात आहेत. या विज्ञानाचा माग काढत मागे गेले की एक वाट थेट परळला येऊन पोहोचते. त्या वाटेचा हा इतिहास.

२/
आधी थोडे विज्ञान. बिअर बनवताना बार्लीला मोड आणतात, ती भाजतात आणि तिचा गोड काढा करतात. त्यात यीस्ट सोडले की ते साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. 'ब' गटातील बरीचशी जीवनसत्त्वे ती स्वतःच्या पेशीत बनवते. थायामिन म्हणजे 'ब१' मात्र ती काढ्यातूनच झपाट्याने शोषून घेते. आंबवण संपले की यीस्ट तळाशी बसते आणि वरची बिअर गाळून नितळ केली जाते.
परिणाम असा की जीवनसत्त्वांचा मोठा साठा गाळात राहतो आणि ग्लासात त्यातला थोडासाच भाग येतो. पुढची सगळी कथा या एका विसंगतीभोवती फिरते.

३/
यीस्टचा 'वाण' ही कल्पनाही बिअरनेच दिली. लुई पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ चा. बिअर नासते ती परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याने दाखवले. पण काही वेळा यीस्टच 'चुकीचे' असते, हे ओळखले कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हॅन्सनने. १८८३ मध्ये त्याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरात आणले. शेतकऱ्याने निवडून राखलेल्या बियाण्यासारखाच हा प्रकार होता.
निवडीचे निकष मात्र चव, सातत्य आणि तळाशी नीट बसण्याचा गुण एवढेच होते. पोषणाचा विचार कुणाच्या मनात येणे शक्यच नव्हते, कारण 'जीवनसत्त्व' हा शब्दच अजून जन्मला नव्हता.

४/
कारखाने वाढले तसे गाळाचे डोंगरही वाढले. या टाकाऊ यीस्टपासून मांसाच्या अर्कासारखा दाट, खारट अर्क काढता येतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १९ व्या शतकातच दाखवले होते. १९०२ मध्ये इंग्लंडातील बर्टन अपॉन ट्रेंट या बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी 'मार्माइट'चा कारखाना सुरू झाला. शेजारच्या बास कंपनीचे उरलेले यीस्ट हाच त्याचा कच्चा माल. नाव घेतले ते स्वयंपाकाच्या एका फ्रेंच भांड्याचे. पावाला लावून खाण्याचा काळपट, चिकट, उग्र चवीचा हा पदार्थ स्वस्त होता आणि त्यात मांस नव्हते. या दोन गोष्टी पुढे फार मोलाच्या ठरणार होत्या.

५/
त्याच सुमारास शास्त्रज्ञांना यीस्टमध्ये काहीतरी गूढ असल्याची चाहूल लागली. १९०१ मध्ये बेल्जियममधील लूव्हाँ येथे वील्डियर्सने दाखवले की साखर आणि क्षार एवढ्यावर थोडेसे यीस्ट वाढत नाही. त्याला एका सूक्ष्म सेंद्रिय घटकाची गरज असते. त्या घटकाला त्याने 'बायोस' हे नाव दिले. १९१२ मध्ये काझिमिर फुंकने 'व्हिटामिन' हा शब्द रूढ केला. बेरीबेरी बरी करणारा पदार्थ तो तांदळाच्या कोंड्यात आणि यीस्टमध्ये शोधत होता.
माणसाला काय लागते आणि यीस्टला काय लागते, हे दोन प्रश्न असे हळूहळू एकमेकांच्या जवळ येऊ लागले.

६/
पहिल्या महायुद्धाने या ज्ञानाची कठोर परीक्षा घेतली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे तुर्की सैन्याने ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला. अडकली होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढ्यात गोऱ्या सैनिकांना बेरीबेरीने गाठले, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. कोंड्यासह दळलेला आटा खाणारे हिंदी शिपाई बेरीबेरीपासून बचावले. पण ताजी भाजी नव्हती आणि घोड्याचे मांस खायला बहुतेकांचा नकार होता, त्यामुळे त्यांना स्कर्व्ही झाला.
एकाच छावणीत दोन ताटे आणि दोन रोग! पुढे याच आघाडीवर बेरीबेरीवरचा उपाय म्हणून मार्माइट पाठवले गेले.

७/
अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा थैमान घालत होता. हा रोग संसर्गाने होतो, असा समज दृढ होता. सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर याने दाखवले की तो निकृष्ट आहारातून येतो. साउथ कॅरोलायनातील कापड गिरण्यांच्या वसाहतींत त्याने आणि अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडेनस्ट्रिकरने घरोघरची मिळकत, ताट आणि रोग यांची सांगड घातली. जिथे मिळकत कमी, तिथे पेलाग्रा जास्त, असे चित्र निघाले.
पुढे बिअरचे वाळवलेले यीस्ट हा त्यावरचा स्वस्त उपाय ठरला. १९२७ च्या मिसिसिपी महापुरात रेड क्रॉसने ते पूरग्रस्तांना वाटले. कापूस, गिरणी, दारिद्र्य आणि यीस्ट हीच चौकडी लवकरच मुंबईत दिसणार होती.

८/
१९२० च्या दशकातली मुंबई. परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा टापू गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणारा. कोकणातून आणि देशावरून आलेली माणसे चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. १९२८ चा गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. किती तुटपुंज्या मिळकतीवर घरे चालत होती, हे त्या संपाने उघड केले.
याच वस्तीच्या मध्यभागी, परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात, १८९९ पासून प्लेगवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली.

९/
या शहरात गरोदरपणाच्या उत्तरार्धात अनेक स्त्रिया पांढऱ्याफटक पडत, त्यांना धाप लागे, अंगावर सूज येई. बाळंतपण जवळ आले की मृत्यूचा धोका वाढे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे रक्त पाहिले की तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने अवाजवी मोठ्या दिसत.
असेच चित्र 'पर्निशियस ॲनिमिया' या रोगात दिसे, म्हणून याला 'गरोदरपणातील पर्निशियस ॲनिमिया' म्हटले जाई. मूळ रोगावर १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी भरपूर यकृत खाऊ घालण्याचा उपाय दिला होता. पण मुंबईतल्या गरीब बाईने रोज यकृत आणायचे कुठून? आणि जी मांस शिवत नाही, तिने काय करायचे?

१०/
हा प्रश्न घेऊन लूसी विल्स १९२८ मध्ये हिंदुस्थानात आल्या. त्यांचा जन्म १८८८ चा, इंग्लंडातील सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला. नंतर लंडनच्या महिलांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. हिंदुस्थानातील मातामृत्यूंच्या चौकशीत पुढाकार घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या निमंत्रणावरून त्या येथे आल्या.
तपासाचे मुख्य ठाणे हाफकिन इन्स्टिट्यूट होते. म्हणजे ज्यांच्या आजाराचा शोध घ्यायचा, त्या स्त्रिया राहत होत्या त्याच गिरणगावाच्या मध्यभागी.

११/
विल्स यांनी सुरुवात औषधाने केली नाही, ताटाने केली. मानेक मेहता यांच्यासह त्यांनी रोगाचा पहिला अहवाल लिहिला आणि एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. दोन्ही निबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्गाची शक्यता तपासून पाहिली, पण तिला पुरावा मिळाला नाही. रोग अधिक आढळत होता तो गरीब मुस्लीम स्त्रियांत. त्यांच्या जेवणात प्रथिने, फळे आणि भाज्या अत्यल्प होत्या.
'रोग कशाने होतो' याचे उत्तर असे जंतूकडून ताटाकडे सरकले. गोल्डबर्गरने गिरणी वसाहतीत जे पाहिले, तेच येथे वेगळ्या रोगाच्या रूपात समोर येत होते.

१२/
आता सिद्धता हवी होती. उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखा आहार दिला, तेव्हा त्यांना रक्तक्षय झाला. शोध लागला असे वाटण्याजोगाच हा निकाल होता. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून बार्टोनेला नावाचा जंतू पसरत होता आणि रक्तक्षयाचे एक कारण तो होता. निष्कर्ष डळमळला.
विल्स माकडांकडे वळल्या. एच. एस. बिलिमोरिया यांच्यासह केलेल्या प्रयोगांत त्याच निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांच्या रक्तात तशाच मोठ्या पेशी दिसू लागल्या. आहार सुधारला की माकडे सुधारत. पण आहारातला नेमका कोणता घटक?

१३/
जीवनसत्त्व 'अ' देऊन पाहिले, 'क' देऊन पाहिले, आणखी काय काय देऊन पाहिले. गुण येत नव्हता. अखेर मार्माइट दिले आणि चित्र पालटले. त्यानंतर रुग्ण स्त्रियांना ते दिले गेले, तेव्हा त्यांच्या रक्तात काही दिवसांतच नव्या तांबड्या पेशी झपाट्याने वाढू लागल्या. भूक परतली, थकवा ओसरला.
१९३१ चा तो निबंध याच निकालांचा होता. यीस्टचा अर्क यकृतापेक्षा स्वस्त, टिकाऊ आणि शाकाहारी. मुंबईसारख्या शहरात या तिन्ही गुणांना औषधाइतकेच महत्त्व होते. बर्टनच्या पिंपातला गाळ परळच्या खाटांपर्यंत पोहोचला तो असा.

१४/
विल्स येथेच थांबल्या नाहीत. पर्निशियस ॲनिमियावर गुणकारी असलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांवर चालत नाही, पण कच्चा, अशुद्ध अर्क चालतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निसटत होते. रक्त घडवणारे घटक एकाहून अधिक असावेत, असा याचा अर्थ होता. हे मत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये मांडले. त्या अनामिक घटकाला वैद्यकात 'विल्स फॅक्टर' म्हटले जाऊ लागले.
शुद्ध अर्कात टिकून राहणारा घटक म्हणजे 'ब१२'. तो वेगळा काढायला १९४८ साल उजाडले. दोघांतला फरक विल्स यांनी दोन्हींची रचना ठाऊक नसताना ओळखला होता.

१५/
१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास येथे मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी तब्बल ४ टन पालकातून एक पदार्थ वेगळा केला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ पर्यंत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयारही झाले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.
विल्स यांना हुलकावणी देणारा घटक हाच होता. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची प्रत करावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागते. ते नसेल तर पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही. मुंबईच्या स्त्रियांच्या रक्तातल्या त्या अवाजवी मोठ्या पेशींचे कोडे असे सुटले.

१६/
गर्भ वाढवणाऱ्या शरीरात पेशी अखंड दुभंगत असतात, म्हणून फोलेटची टंचाई सर्वांआधी गरोदर स्त्रीला भोवते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. आधीच्या गर्भात मज्जारज्जूचा जन्मदोष आढळलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. १९९८ पासून अमेरिकेत धान्याच्या पिठांत फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले.
भारतात १९७० पासून पोषणजन्य रक्तक्षयाविरुद्धच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी गरोदर स्त्रियांना दिली जाते.

१७/
मग बिअरचे काय? गाळातले जीवनसत्त्व ग्लासात आणण्याचा मोह कारखानदारांना केव्हाच झाला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक याने १९२० च्या दशकात दाखवले की अतिनील किरणांनी अन्नात 'ड' जीवनसत्त्व निर्माण करता येते. यीस्टमधील अर्गोस्टेरॉल तर या किरणांनी थेट 'ड२' मध्ये बदलते. याच राज्यातल्या मिल्वॉकी शहरातील श्लिट्झ कंपनीने १९३६ मध्ये 'सूर्यप्रकाशाचे जीवनसत्त्व ड' असलेली बिअर बाजारात आणली.
दारूबंदी उठून जेमतेम तीन वर्षे झाली होती. मद्याला आरोग्याचा मुखवटा चढवण्याची ही घाई समजण्याजोगी आहे. तो प्रयोग फार काळ टिकला नाही.

१८/
आफ्रिकेतील गावठी बिअरची गोष्ट निराळी. ज्वारी, बाजरी किंवा मक्याची ही बिअर न गाळता, यीस्टसकट प्यायली जाते. ब्रिटिश पोषणतज्ज्ञ बी. एस. प्लॅट याने १९५० च्या दशकात दाखवले की आंबवण्याच्या क्रियेत धान्यातील काही 'ब' जीवनसत्त्वे वाढतात. या प्रक्रियेला त्याने पुढे जैविक उन्नयन अशा अर्थाचे नाव दिले.
औद्योगिक बिअरने नितळपणासाठी जे फेकले, ते ग्रामीण समाजांनी पेल्यात राहू दिले होते.

१९/
आजचे शास्त्रज्ञ थेट वाणाला हात घालतात. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला निवडीचा, म्हणजे हॅन्सनचाच. २००५ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी यीस्टच्या चाळीसहून अधिक वाणांची तुलना केली, तेव्हा काहींत इतरांच्या कित्येक पट फोलेट आढळले. योग्य वाण निवडला, तर आंबवलेल्या पदार्थाचे पोषणमूल्य जनुकाला हात न लावताही वाढू शकते.
दुसरा मार्ग जनुकबदलाचा. २०११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी शरीरात 'अ' जीवनसत्त्वात रूपांतरित होणारे बीटा कॅरोटीन बनवणारे यीस्ट घडवले. पण त्यांनी ते बिअरसाठी योजले नव्हते, पावासाठी योजले होते.

२०/
पाव का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. मद्यार्क आतड्यातील फोलेटचे शोषण बिघडवतो आणि यकृतातील त्याचा साठाही विस्कळीत करतो. दीर्घकाळ अति मद्यपान करणाऱ्यांत फोलेट आणि थायामिन या दोहोंचा तुटवडा नेहमी आढळतो. बिअरमध्ये वाढवलेले जीवनसत्त्व असे एका हाताने दिले जाते आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. शिवाय ज्यांना फोलेटची गरज सर्वाधिक, त्या गरोदर स्त्रियांना मद्य वर्ज्यच.
यीस्टचे वाण सुधारण्याचे विज्ञान म्हणून निरर्थक ठरत नाही. फक्त त्याचे योग्य स्थान पाव, आंबवलेले धान्य आणि यीस्टचे अर्क यांत आहे. १९३१ च्या निबंधातही रुग्णांना बिअर दिलेली नव्हती, दिला होता तो तिच्या तळाचा गाळ.

२१/
लूसी विल्स १९६४ मध्ये निवर्तल्या. २०१९ मध्ये त्यांच्या जन्मदिनी, १० मे रोजी, गूगलने त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. मेहता, तळपदे, बिलिमोरिया ही नावे शोधनिबंधांच्या शीर्षस्थानी राहिली. ज्या स्त्रियांच्या रक्तातून हे ज्ञान निपजले, त्या मात्र इतिहासात केवळ 'रुग्ण' म्हणूनच उरल्या.
त्यांच्या आजाराने जगाला एक गोळी मिळवून दिली, जी आज लाखो गर्भवतींच्या हाती पडते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, लोहाची कमतरता त्यातले प्रमुख.

२२/
गोल्डबर्गरने साउथ कॅरोलायनात आणि विल्स यांनी मुंबईत एकाच क्रमाने काम केले. आधी घरातले ताट पाहिले, मग त्यात नसलेला घटक शोधला. पुढच्या पिढ्यांनी दुसरा भाग उत्तम रीतीने उचलला. घटकाला नाव मिळाले, सूत्र मिळाले, कारखाना मिळाला आणि आता त्यासाठी खास वाणही मिळत आहेत. पहिला भाग, म्हणजे कमी मजुरीच्या घरात बाईच्या वाट्याला शेवटी काय उरते हा प्रश्न, १९३० च्या त्या आहार-पाहणीत जसा लिहिला गेला होता, तसाच बऱ्याच अंशी शिल्लक आहे.
यीस्टचा कोणताही वाण तो सोडवू शकणार नाही. परळच्या त्या संशोधनाचा हा अर्धा निष्कर्ष अजून अमलात यायचा आहे.